मनुष्यांचा संप्रदाय आणि देवाची आज्ञा

अभ्यासाचे वचन : मार्क ७:१-१३
सोबत वाचा : मत्तय १५:१-९, गलतीकरांस २:११-१४, कलस्सैकरांस २:१६-२३, २ राजे १८:४



आपल्या मंडळ्यांमध्ये एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "हे शास्त्रात कुठे लिहिले आहे?" प्रश्न चांगला आहे. बिरुया येथील लोक पौलाने सांगितलेलेही शास्त्रात रोज पडताळून पाहत असत आणि त्यासाठी त्यांची वाखाणणी झाली आहे (प्रे. कृत्ये १७:११). पण या प्रश्नाचे उत्तर "कुठेच नाही" असे आले, की पुढे काय करायचे? ती रीत लगेच टाकायची? पाळणाऱ्याला दोष द्यायचा? त्याच्या घरी जाणे बंद करायचे? या पाठात आपण प्रभू येशूने हा विषय कसा हाताळला ते पाहू या आणि त्याच मापाने मंडळीला व स्वतःलाही मोजू या.

१. प्रभूने नेमका कशाला दोष दिला?

यरुशलेमेहून आलेल्या परूशी व शास्त्री लोकांनी पाहिले की, येशूचे काही शिष्य हात न धुता जेवतात. हा स्वच्छतेचा वाद नव्हता. निवासमंडपात सेवेसाठी जाण्यापूर्वी याजकांनी हातपाय धुवावेत अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात होती (निर्गम ३०:१७-२१). वडीलधाऱ्यांनी ती रीत याजकांपुरती न ठेवता प्रत्येक घराच्या जेवणापर्यंत आणली. हेतू वाईट नव्हता. आपले साधे जेवणही देवासमोर पवित्र असावे, ही त्यामागची भावना होती.

येशू त्यांना उत्तर देतो तेव्हा हात धुण्याबद्दल आधी बोलतच नाही. तो यशयाचे वचन काढतो (यशया २९:१३) आणि मग थेट 'कुर्बान'चे उदाहरण देतो. एखाद्याने आपली मिळकत 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेली आहे असे म्हटले, की म्हाताऱ्या आईबापांना त्यातून काही द्यायची गरज नाही, असे त्या वेळचे शिक्षक सांगत. कागदावर मालमत्ता देवाच्या नावे होई, आईबापांना मात्र 'आता माझ्या हातात काही नाही' असे सांगण्याची सोय होई. देवाने स्पष्ट सांगितलेली आज्ञा होती, आईबापांचा मान राख (निर्गम २०:१२). देवाचेच नाव घेऊन ती आज्ञा मोडली जात होती.

म्हणून प्रभूचा आरोप नीट समजून घ्या. "ही रीत माणसांनी काढली" एवढाच तो आरोप नाही. ती रीत देवाच्या आज्ञेच्या जागी बसली आणि तिने आज्ञा रद्द केली, हा आरोप आहे. प्रभू स्वतः शब्बाथ दिवशी सभास्थानात जात असे. मोशेच्या पाच पुस्तकांत सभास्थान बांधा अशी आज्ञा नाही. तरी त्याने त्या रीतीला दोष दिला नाही, तेथे उभे राहून शास्त्र वाचले (लूक ४:१६).

२. 'संप्रदाय' या शब्दाकडे थोडे लक्ष देऊ

आपल्या मराठी शास्त्रात या ठिकाणी 'संप्रदाय' हा शब्द आहे. आज संप्रदाय म्हटले की आपल्याला एखादा पंथ आठवतो, जसे वारकरी संप्रदाय. त्यामुळे हे वचन दुसऱ्या कोणत्या तरी पंथाबद्दल आहे, असे वाचकाला वाटू शकते. मूळ ग्रीक शब्द 'पॅराडोसिस' असा आहे. त्याचा साधा अर्थ : एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सोपवलेले. आजीने आईला दिले, आईने तुम्हाला दिले, असे काहीही.

पौल हाच शब्द चांगल्या अर्थानेही वापरतो. आम्ही तुम्हाला जे सोपवले ते धरून राहा, असे तो थेस्सलनीकेच्या मंडळीला सांगतो (२ थेस्सलनी. २:१५). प्रभुभोजनाविषयी लिहिताना, जे मला प्रभूकडून मिळाले तेच मी तुम्हाला सोपवले, असे तो म्हणतो (१ करिंथ. ११:२३). त्याच वचनात, प्रभूला ज्या रात्री धरून देण्यात आले त्या रात्रीचा उल्लेख आहे, आणि 'धरून देणे' यासाठीही ग्रीकमध्ये तेच क्रियापद आहे. एकाच क्रियेने सुवार्ता पुढच्या पिढीच्या हाती जाते आणि त्याच क्रियेने प्रभू शत्रूच्या हाती जातो. म्हणून फक्त 'परंपरा आहे' एवढ्याने ती चांगली ठरत नाही आणि वाईटही ठरत नाही. काय सोपवले जात आहे आणि कोणाच्या हाती, हे पाहावे लागते.

३. तीन खाने

हिशेब लिहायला शिकताना पहिला धडा असा असतो : वहीत प्रत्येक नोंदीमागे व्हाउचर हवे. मंडळीच्या जीवनातील रीती आपण तशाच तीन खान्यांत मांडून पाहू.

पहिला खाना : ज्याचे व्हाउचर शास्त्रात आहे. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, एकमेकांवर प्रीती, गरिबांची आठवण, प्रार्थना, वचनाची शिकवण. यांत कमी-जास्त करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरा खाना : ज्याची आज्ञा नाही, पण मनाईही नाही. रविवारची सकाळची वेळ, बाकांवर बसणे की सतरंजीवर, पांढरा लग्नाचा पोशाख, पेटी-तबला की ऑर्गन. नाताळची तारीखही याच खान्यात येते. प्रभूचा जन्म कोणत्या दिवशी झाला हे शुभवर्तमानांत दिलेले नाही. २५ डिसेंबर हा दिवस पाळल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधली, इ. स. ३३६ ची आहे. पूर्वेकडचे मागी तीन होते असेही मत्तय म्हणत नाही. देणग्या तीन होत्या, आणि ते आले ते गोठ्यात नव्हे, घरात (मत्तय २:११).

हे माहीत असणे चांगले. पण या माहितीचा उपयोग कोणावर काठी उगारण्यासाठी करू नये. मी हा पाठ लखनौच्या गोमती नगरातून लिहीत आहे. येथून गोमती ओलांडून हजरतगंजला गेले की सेंट जोसेफ कॅथेड्रल लागते. २५ डिसेंबरला तेथे सर्व धर्मांच्या लोकांची प्रचंड गर्दी होते. लोक मेणबत्त्या लावतात, चरणी पाहतात. त्या तारखेला शास्त्राचा आधार नाही हे खरे, आणि एरवी येशूचे नावही न ऐकणारा माणूस त्या दिवशी त्याच्याविषयी प्रश्न विचारतो हेही खरे. दिवस पाळणारा प्रभूसाठी पाळतो, न पाळणाराही प्रभूसाठीच पाळत नाही. दोघांनीही एकमेकांना तुच्छ मानू नये, असे रोमकरांस १४ वा अध्याय शिकवतो.

तिसरा खाना : ज्या रीतीमुळे देवाची आज्ञा मोडते. प्रभूने कुर्बानला दोष दिला तो या खान्यातला आहे. खरी अडचण अशी की दुसऱ्या खान्यातली नोंद हळूहळू तिसऱ्यात सरकते आणि आपल्या लक्षात येत नाही. ती सरकते कशी, हे आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

४. पंडिता रमाबाईंचा प्रश्न

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनींनी त्यांना प्रेमाने वागवले. पण लवकरच मतभेद सुरू झाले. रमाबाई शाकाहारी राहिल्या. हा जुन्या धर्माचा उरलेला अंश आहे असे काहींना वाटले. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, असे त्यांनी विचारले. ती भाषा त्यांच्या लोकांना कळणार नव्हती. लॅटिन पवित्र आणि आमची संस्कृत मात्र नाही, असे का, हा त्यांचा सवाल होता. मोठ्या कष्टाने मी आमच्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून सुटले आहे, आता इथले धर्मगुरू सांगतील ते सर्व देवाची आज्ञा म्हणून मानण्याचे दुसरे जोखड मी घेणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी १८८५ च्या पत्रात लिहिले.

येथे दोन गोष्टी पाहा. पहिली, रमाबाईंनी शाकाहार तारणाची अट म्हणून कोणावर लादला नाही आणि मांसाहार ही श्रद्धेची खूण म्हणून स्वीकारलाही नाही. त्यांच्या दृष्टीने हा दुसऱ्या खान्यातला विषय होता. दुसरी, त्या फक्त नाकारत बसल्या नाहीत. माणसांचे शब्द आणि देवाचे शब्द वेगळे ओळखायचे तर देवाचे शब्द स्वतः वाचले पाहिजेत, म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर केले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शिकलेल्या स्त्रियांनी ते तेथील छापखान्यात छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूमध्ये झोपी गेल्या, त्याच्या थोडे आधी भाषांतराचे काम पूर्ण झाले होते.

आणखी एक साक्ष त्यांनी १९०७ साली लिहून ठेवली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळालेला नाही. रीती तपासण्यात त्यांच्याइतकी धारदार बुद्धी कोणाची होती? तरीही रीती तपासल्याने ख्रिस्त आपोआप मिळत नाही, हे त्यांनीच कबूल केले. आपण हे विसरू नये.

५. अभंग परका की ऑर्गन परका?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्या काळी मराठी मंडळीत पाश्चात्त्य चालींची भाषांतरित गीते गायली जात. टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन ख्रिस्ताच्या सेवेत आणले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही जागा दिली. आज त्यांची गीते 'उपासना संगीत'मधून मराठी मंडळीत सर्वत्र गायली जातात.

आज काही विश्वासू म्हणतात, अभंग ही विधर्मी चाल आहे. दुसरे म्हणतात, ऑर्गन व झगा ही परदेशी चाल आहे. शास्त्रात ना अभंगाची आज्ञा आहे ना ऑर्गनची. अमेरिकन मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स १९०७ साली भारतात आले आणि त्यांनी आपली सेवा याच लखनौत, लालबागच्या मेथडिस्ट मंडळीत सुरू केली. पुढे १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात त्यांनी हाच विचार मांडला की, पाश्चात्त्य संस्कृतीचे ओझे उतरवून भारतापुढे केवळ ख्रिस्त ठेवावा. टिळक मराठी अंगणातून आणि जोन्स परदेशातून येऊन एकाच ठिकाणी पोहोचले. गीताची चाल हे भांडे आहे. भांड्यावरून भांडताना त्यातले पाणी सांडू नये.

६. सर्वांत जुना कुर्बान : जात

आता आपण अशा रीतीकडे येऊ जी कोणत्याही उपासनेच्या पुस्तकात लिहिलेली नाही, आणि म्हणून 'शास्त्रात कुठे आहे?' हा प्रश्न तिला कोणी विचारत नाही.

अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही माणसे आली तसा तो त्या पंक्तीतून मागे सरला, आणि बर्णबाही त्या ढोंगात सामील झाला. पौलाने सर्वांसमोर पेत्राला तोंडावर अडवले (गलती. २:११-१४). पौलाच्या मते हा जेवणाचा किरकोळ प्रश्न नव्हता. ते लोक सुवार्तेच्या सत्याप्रमाणे सरळ चालत नव्हते.

भारतात हेच घडले. दक्षिणेतील काही मंडळ्यांत जातीनुसार वेगळी जागा असे, प्रभुभोजनही वेगवेगळे घेतले जाई. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीत जातिभेद पूर्णपणे बंद करावा असे पत्र काढले, तेव्हा अनेकांनी जात सोडण्याऐवजी मंडळी सोडली. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये स्वतःचे सोवळे कसे सुटले ते प्रामाणिकपणे लिहिले आहे. पती ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्या घरी परतल्या तरी त्या वेगळे शिजवत, वेगळे पाणी ठेवत. मग विचार करता करता त्यांना पटले की जात देवाने केलेली नाही, माणसांनी केली आहे, आणि त्यांनी ती टाकली. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. म्हणजे बाप्तिस्म्याच्या आधी त्यांची जात गेली. आपल्यापैकी कितीजणांचा क्रम उलटा आहे! बाप्तिस्मा होऊन दोन-तीन पिढ्या झाल्या, तरी मुलीचे स्थळ पाहताना "आपल्यातलेच हवे" असे म्हटले जाते, आणि 'आपल्यातले' याचा अर्थ विश्वासातले असा नसतो.

नाताळच्या झाडावर आपण तासभर चर्चा करतो. झाडामुळे कोणाचा अपमान होत नाही. लग्नाच्या बोलणीत विचारलेल्या त्या एका प्रश्नाने ख्रिस्तात एक झालेल्या भावाला आपण पुन्हा वेगळ्या पंक्तीत बसवतो. मच्छर गाळून उंट गिळणे यालाच म्हणतात (मत्तय २३:२४).

७. देवाने दिलेली वस्तूही मूर्ती होऊ शकते

अरण्यात इस्राएल लोकांना विषारी साप चावले तेव्हा देवाने मोशेला पितळेचा साप करायला सांगितले (गणना २१:८-९). या वस्तूचे व्हाउचर पक्के होते. पण काही शतकांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले. राजा हिज्कीयाने तो फोडून टाकला आणि शास्त्राने त्याची स्तुती केली (२ राजे १८:४).

म्हणून 'शास्त्रात आहे' हेही अंतिम उत्तर नाही. आजारी माणसाला मंडळीच्या वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी असे याकोब लिहितो (याकोब ५:१४). त्यात तेलाच्या बाटलीला किंमत नाही, बाटलीवर कोणाचा फोटो नाही. आज 'अभिषेकाचे तेल' व 'प्रार्थनेचा रुमाल' विकला जातो, 'विश्वासाचे बी' म्हणून रक्कम ठरवून मागितली जाते, आणि ज्या विधवेच्या घरात दवाखान्याचे पैसे नाहीत ती कर्ज काढून ते देते. वचनाचा आधार दाखवला जातो, पण विधवेला सांभाळण्याची आज्ञा पायाखाली जाते. देणाऱ्याने कष्टी होऊन किंवा बळजबरीने देऊ नये, असे पौल सांगतो (२ करिंथ. ९:७). ज्याने पावती मागितली म्हणून त्याला 'अविश्वासू' ठरवले जाते, त्याने घाबरू नये. पावती मागणे हे बिरुयाकरांचेच काम आहे.

८. आपला स्वतःचा कुर्बान

हा पाठ येथे संपवला तर आपण समाधानाने उठू. परंतु प्रभूचे माप आपल्यालाही लागते. आपल्या चळवळीतील अनेकांनी पुष्कळ किंमत देऊन माणसांच्या रीती सोडल्या आहेत. ती किंमत खरी आहे. पण त्यातूनच एक नवी रीत जन्माला येते आहे.

एक भाऊ आईला सांगतो, "तुझ्या नाताळच्या जेवणाला मी येणार नाही, हे शास्त्रात नाही." एक बहीण आजोबांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या प्रार्थनासभेला जात नाही, कारण तेथे मेणबत्ती लावणार आहेत. म्हातारी आई करंज्या तळून वाट पाहत बसते. आता मार्क ७ पुन्हा वाचा. देवाचे नाव घेऊन आईबापांना रिकाम्या हाताने परत पाठवणे, हेच तर कुर्बान होते! तेव्हा लोक म्हणत, "हे देवाला वाहिले आहे." आज आपण म्हणतो, "हे शास्त्रात नाही." शब्द बदलले, पण वाट पाहणारी आई तीच आहे.

याचा अर्थ विवेक गहाण टाकावा असा नाही. मूर्तीपुढे वाकायला सांगितले, मृतांकडे प्रार्थना करायला सांगितले, तर नम्रपणे नाही म्हणा. पण 'नाही' त्या कृतीला म्हणा, त्या माणसाला नको. मेणबत्ती लावू नका, पण आईशेजारी बसा. जेवण झाल्यावर भांडी घासा. तिने विचारले तर आपली आशा सौम्यतेने सांगा (१ पेत्र ३:१५). कलस्सैकरांस पत्रात पौल सण आणि खाण्यापिण्यावरून कोणी तुमचा न्याय करू नये असे म्हणतो, आणि त्याच अध्यायात 'शिवू नको, चाखू नको' अशा नियमांनी माणूस पवित्र होत नाही असेही सांगतो. हे दुसरे वाक्य आपल्यासारख्यांसाठी आहे.

आत्मपरीक्षणासाठी प्रश्न

१. माझ्या घरात किंवा मंडळीत अशी कोणती रीत आहे, जी मोडली तर मला देवाची आज्ञा मोडल्यापेक्षा जास्त लाज वाटते?
२. मी कोणत्या बंधूला किंवा भगिनीला दुसऱ्या खान्यातल्या विषयावरून दोष दिला आहे? या आठवड्यात मी त्यांना भेटू शकतो/शकते का?
३. लग्न, जेवण, दफन यांत आपल्या कुटुंबात जातीचा प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला जातो? तो पुढच्या वेळी विचारला गेला तर मी काय म्हणेन?
४. मंडळीत दिलेल्या पैशाचा हिशेब मागण्याची मला मोकळीक आहे का? नसेल तर का?
५. 'शास्त्रात नाही' असे म्हणून मी कोणाच्या सेवेतून सुटका करून घेतली आहे?

प्रार्थना

हे प्रभू येशू, आम्ही ओठांनी तुझा सन्मान करतो, पण आमचे अंतःकरण दूर जाते. जे तू सोपवले ते धरून ठेवण्याचे बळ दे, जे माणसांनी लादले ते ओळखण्याची बुद्धी दे, आणि त्या दोहोंत ज्या मोकळ्या गोष्टी आहेत त्यांत एकमेकांवर प्रीती करण्याची कृपा दे. आमच्या आईबापांपासून, आणि ज्या भावाला आम्ही वेगळ्या पंक्तीत बसवले त्याच्यापासून, तुझे नाव घेऊन आम्हाला लपू देऊ नको. आमेन.